फणेरपेटी

आमच्या निपाणीच्या घरात माळ्यावर एक फणेरपेटी होती. सागवानी, पितळी कडीची. झाकण उचललं की आतून आरसा. खाली कप्पे. त्यांत लाकडी फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी, आगवळ. आज्जीकडून ती आईकडे आली. सकाळी न्हाणं झालं की आई पेटीसमोर बसायची. आधी कपाळाला मेण, मग त्यावर पिंजर. मेणामुळं कुंकू घामानं विस्कटत नसे.

मी आठवीत असताना वडील वारले आणि पेटी माळ्यावर गेली. कुणी ठेवली, कुणी विचारलंही नाही.

ही हौस काही आजची नव्हे. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या सातवाहनकाळच्या कांस्यवस्तूंत आरसेसुद्धा आहेत. आणि इजिप्तमध्ये तर १९०६ साली मेरित नावाच्या बाईची अख्खी पेटीच मिळाली! मेरित म्हणजे राजाच्या बांधकामांवर देखरेख करणाऱ्या 'खा'ची बायको. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीची. तेला-उटण्याच्या बरण्या, काजळाची नळी, शिवाय उंच लाकडी पेटीत ठेवलेला केसांचा टोप. सगळं आता इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. मेरित नवऱ्याआधी गेली. तिची शवपेटी तयार नव्हती, म्हणून खानं स्वतःसाठी केलेली तिला दिली. साजशृंगाराची पेटीही तिच्यासोबत ठेवली. मेल्यावरसुद्धा तिची फणी तिच्यापासून कुणी काढून घेतली नाही. आपल्याकडं मात्र जित्या बाईची पेटी मिटते, आणि गेलेला असतो नवरा.

कुणी म्हणेल, आपला धर्म त्यागाचा, केसांचं काय एवढं? खरं आहे. आपल्या आर्यिका माताजी दर दोन ते चार महिन्यांनी स्वतःच्या हातानं केशलोच करतात. ते बघताना माझे डोळे भरून येतात. पण त्यांनी दीक्षा मागून घेतलेली असते. गुरूंपुढं हात जोडून, 'द्या' म्हणून. माझ्या आईनं काय मागितलं होतं? जे स्वतः सोडलं तो त्याग. दुसऱ्यानं पुसलं त्याला त्याग कसं म्हणायचं?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं सगळ्या गावांना तसं परिपत्रक काढलं. हेरवाड आपल्या शेजारचं. सोयरिकीचा मुलूख. पेपरात वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला आई दरवर्षी आत स्वयंपाकघरात वाटाणे परतत बसायची, आणि मी बाहेर वाण वाटायची. तिला बाहेर ये म्हणणारी मीच हवी होते ना?

त्या संक्रांतीला पेटी खाली काढली. आरशाचा पारा उडालेला, मेण दगडासारखं घट्ट झालेलं. आईपुढं ठेवली.

"आता कशाला गं हे?" ती म्हणाली. मग बराच वेळ करंडा हातात धरून बसली. उघडला नाही.

"ती फणी तेवढी दे," म्हणाली.

तिनं आंबाडा सोडला, पेटीतल्या आरशात बघत सावकाश केस विंचरले. बायका येऊ लागल्या तेव्हा ती बाहेरच बसलेली होती. मी पहिलं वाण तिला दिलं.