त्याग कोणाच्या वाट्याचा? : कांदा, कर्जखते आणि पैशाची नीती

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ‘अर्थ’ हा शब्द दोन अंगांनी भेटतो. एक शब्दाचा अर्थ आणि दुसरा गाठीचा. ‘स्वार्थ’ आणि ‘परमार्थ’ या दोन्ही शब्दांच्या पोटात तोच आहे. परंतु पहिला निंदेचा झाला आणि दुसरा गौरवाचा. चार पुरुषार्थांत अर्थाला मानाचे स्थान असूनही, पैशाची इच्छा उघडपणे बोलून दाखवणारा माणूस आपल्याला काहीसा हलकाच वाटतो. स्वतंत्र समाजात मात्र प्रत्येकाला आपले हित पाहण्याची मुभा असते. या मुभेची नीती कोणती, या प्रश्नाला नाशिक जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात कांद्याच्या भावाच्या निमित्ताने तोंड फुटले. त्या इतिहासाचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

आरंभ तुकोबांपासून करणे सोयीचे ठरेल. तुकोबा देहूच्या महाजन घराण्यातले, व्यवसायाने वाणी. वैराग्य आल्यावर त्यांनी लोकांकडील येण्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वपरिचित आहे. तिचा एक तपशील मात्र कथनात बहुधा मागे पडतो. चरित्रपरंपरा सांगते की धाकटे बंधू कान्होबा यांनी आपल्या प्रपंचाची चिंता व्यक्त केली, तेव्हा निम्मी खते त्यांच्या स्वाधीन करण्यात आली आणि उरलेली निम्मी, म्हणजे तुकोबांच्या वाट्याची तेवढी, नदीत गेली. या तपशिलात एक मोठी नैतिक समज आहे. त्याग श्रेष्ठ खरा, पण तो स्वतःच्या वाट्याचाच करता येतो. भावाच्या मुलाबाळांचा घास सोडण्याचा अधिकार संतालाही नाही.

एकोणिसाव्या शतकात हाच प्रश्न नव्या भाषेत विचारला जाऊ लागला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली आणि १८४९ मध्ये ‘लक्ष्मीज्ञान’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. अर्थशास्त्रावरील आरंभीच्या मराठी पुस्तकांत त्याची गणना होते. व्यापार आणि उद्योग यांना हीन लेखणाऱ्या वृत्तीवर त्यांनी कठोर टीका केली. लक्ष्मीचे ‘ज्ञान’ असू शकते, ती केवळ मोह किंवा दैव नव्हे, असे त्या शीर्षकातूनच सूचित होते. हेच लोकहितवादी पुढे नाशिक येथे जॉइंट जज्ज होते आणि न्यायमूर्ती रानडे यांचीही १८७८ मध्ये काही काळ नाशिकच्या न्यायालयात नेमणूक झाली होती.

त्या न्यायालयांसमोर येणारी कर्जखते म्हणजे त्या काळच्या ग्रामीण जीवनाचा दस्तऐवजच होता. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला. स्वेच्छेने केलेला करार म्हणजे न्याय, हे तत्त्व कागदावर निर्दोष होते. परंतु सारा भरण्याची मुदत डोक्यावर असताना अंगठा उमटवणाऱ्या कुणब्याची ‘स्वेच्छा’ कितपत खरी, हा प्रश्न त्या जाळपोळीने विचारला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून त्याला वैचारिक बैठक दिली. रानडे यांनीही १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात, केवळ स्वहिताने चालणारा आणि मोकळेपणाने स्पर्धा करणारा माणूस गृहीत धरणारे अर्थशास्त्र हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले.

यानंतर सुमारे शतकाने शरद जोशी यांनी नेमकी उलट बाजूने मांडणी केली. भारतीय डाकसेवेत आणि नंतर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी केलेला हा गृहस्थ परत येऊन चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू शेती करू लागला. १९७९ मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस आणि कांद्याच्या भावासाठी रस्ता आणि रेल्वे रोखण्याचे आंदोलन झाले. उसाला टनामागे ३०० रुपये ही एक प्रमुख मागणी होती. निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले.

या आंदोलनाची घोषणा होती, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. साहित्याच्या विद्यार्थ्याने या घोषणेतील शब्दयोजनेकडे लक्ष द्यावे. भीक हा दात्याच्या पुण्याचा विषय, दाम हा घेणाऱ्याच्या हक्काचा. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये खाटीक आणि पाववाला यांचे उदाहरण देऊन, आपले जेवण त्यांच्या परोपकारावर नव्हे तर त्यांच्या स्वहितावर अवलंबून असते, असे दाखवले होते. येथे तोच विचार विकणाऱ्याच्या बाजूने बोलला गेला. खत, बियाणे, औषध घेताना भाव दुकानदार सांगतो. लिलावात कांद्याची गाडी उभी केल्यावर भाव व्यापारी सांगतो. दोन्ही वेळा शेतकरी केवळ ऐकतो. त्यात निर्यातीचा दरवाजा केव्हा उघडावा आणि केव्हा लावावा, हे सरकार ठरवते. शहराला कांदा स्वस्त मिळावा ही इच्छा गैर नाही, परंतु त्या स्वस्ताईसाठी होणारा त्याग शेतकऱ्याच्या वाट्याचा असतो आणि तो त्याला न विचारता केला जातो. कान्होबाची खते बुडवण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

या मांडणीवर आक्षेप झाले आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. शेतमालाच्या भावाची मागणी जमीनवाल्यांची आहे, मजुराच्या हाती काय पडणार, असे विचारले गेले. भाव मिळाल्यावाचून मजुरी वाढणार नाही, असे संघटनेचे उत्तर होते. हे उत्तर तर्काला धरून आहे, पण अपुरे आहे. भाव मिळाला तर मजुरी वाढवणे शक्य होते. ती वाढेलच याची हमी भाव देत नाही. मजुरालाही आपले दाम मागता आले पाहिजे, त्यासाठी संघटित होता आले पाहिजे. जो हक्क शेतकऱ्याने व्यापाऱ्यापुढे सांगितला, तोच मजुराने शेतकऱ्यापुढे सांगितला, तर त्याला लोभ म्हणता येणार नाही.

या कसोटीला संघटना एका बाबतीत स्वतःहून सामोरी गेली, आणि तीही नाशिक जिल्ह्यातच. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. शेतात निंदणी-खुरपणीपासून कांदा काढणीपर्यंत राबणाऱ्या बाईच्या घामाचे दाम कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न आता बाजार समितीऐवजी घराच्या उंबऱ्याशी येऊन ठेपला. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ या कार्यक्रमात पुरुषांनी जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करावा, असे आवाहन करण्यात आले आणि अनेक गावांनी त्याला प्रतिसाद दिला. मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये आला, हे लक्षात घेतले म्हणजे या कार्यक्रमाचे मोल कळते. आपल्याकडे गृहिणीच्या त्यागाचे गोडवे गाणारे साहित्य विपुल आहे. परंतु जिच्या नावावर काहीच नाही, तिच्या त्यागाला त्याग म्हणावे की केवळ अभाव?

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, डिसेंबरात बंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क १ एप्रिल २०२५ रोजी पूर्णपणे रद्द झाले. या काळात चाळीत उन्हाळ कांदा साठवून बसलेल्या शेतकऱ्याला ‘भाव वाढण्याची वाट पाहणारा’ असे काहींनी म्हटले. पगाराच्या वाढीची वाट आपण प्राध्यापक मंडळीही पाहतच असतो. त्याला मात्र आपण वेतन आयोग म्हणतो.

स्वहित पाहणे नैतिक की अनैतिक, असा प्रश्न सरसकट विचारून फारसे हाती लागत नाही. ज्या हक्काने मी माझे दाम मागतो, तो हक्क समोरच्याला, माझ्या मजुराला आणि माझ्या घरातील बाईला आहे काय, हे पाहिले म्हणजे उत्तराची दिशा सापडते. संतकाव्य शिकवताना त्यागाचा महिमा आपण सांगतच राहू, आणि तो सांगितलाही पाहिजे. त्याबरोबर कान्होबाच्या स्वाधीन केलेल्या निम्म्या खतांचा उल्लेखही वर्गात व्हावा, एवढेच सुचवावेसे वाटते.