ओटा यायच्या आधी: खान्देशी स्वयंपाकघराची जमीन

आजच्या एपिसोडमध्ये लढाई नाही, राजा नाही, खजिना तर नाहीच. आज फक्त फरशी आहे. थांबा, बंद करू नका. आपल्या घरातल्या फरशीखाली रेल्वे, कापूस, गॅस सिलिंडर आणि आपल्या आज्यांच्या कंबरा असं बरंच काही पुरलेलं असतं.

निमित्त असं झालं. धुळ्याच्या जुन्या भागात आमचं घर आहे, पणजोबांनी बांधलेलं. या उन्हाळ्यात त्याचं स्वयंपाकघर आणि मागची खोली नव्याने करायला काढली. मी पुण्यात आयटीत आहे, पण तेव्हा पंधरा दिवस घरूनच काम करत होते, ब्रेकरच्या आवाजात मीटिंगा चालू. मिस्तरींनी मोझॅक फोडला तर खाली शहाबादी निघाली. शहाबादीखाली चुना, चुन्याखाली चोपलेली माती. सगळं मिळून सात-आठ इंच. आमच्या धंद्यातलं कुणी ऐकत असेल तर, हा सरळ सरळ गिट लॉग आहे. नवा कमिट वर, जुना तळाला. आपण तळापासून वाचू.

तळाला माती. मुरूम आणि पांढरी माती पसरायची, पाणी मारायचं, धुम्मसने ठोकायची, मग चोपण्याने चोपून सपाट करायची. वर छत धाब्याचं, म्हणजे लाकडी सऱ्यांवर मातीचा थर. वर माती, खाली माती. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे हे डिझाइन वेडेपणाचं अजिबात नव्हतं. पण ही जमीन एकदा करून विसरायची वस्तू नव्हती. दर काही दिवसांनी शेणामातीने सारवावी लागायची, आणि चूल तर रोज, पोतेरं फिरवून. आजच्या भाषेत ते सबस्क्रिप्शन होतं आणि त्याचा हप्ता घरातल्या बायका हाताने भरायच्या.

आता माझा मुख्य मुद्दा. त्या काळात जमीन म्हणजे नुसती चालायची जागा नव्हती. जमीन हाच ओटा होता. चूल जमिनीवर, तिच्या बाजूला वैल. विळी जमिनीवर, परात जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जातं जमिनीवर. जेवायला पाट मांडायचे तेही तिथेच. आमच्याकडे तर याचा पुरावाच निघाला. शहाबादीच्या थरात एका कोपऱ्यात फरशी गोल कापलेली होती, आणि त्या गोलात डबर भरलेलं. काढलं तर खाली दगडी उखळ, जमिनीत पुरलेलं, तोंड बरोबर फरशीच्या पातळीला. म्हणजे शहाबादी बसवताना उखळ चालू होतं, म्हणून तेवढा गोल सोडला. मोझॅक आला तेव्हा घरात मिक्सर आला होता, म्हणून बुजवलं. आजीला तारीख आठवत नव्हती, पण मिक्सरचा रंग आठवत होता.

सगळं काम जमिनीवर म्हटल्यावर त्या जमिनीवर कुणी पाऊल ठेवायचं, याचेही नियम आले. चुलीपर्यंत कोण येणार, कोण उंबऱ्याबाहेरच थांबणार, हे जातीवर ठरायचं. घरातल्याच बाईलाही महिन्यातले चार दिवस चूल बंद. जुन्या घरांचे सुंदर सुंदर रील्स बघताना हा भाग कुणी दाखवत नाही, म्हणून इथे सांगून ठेवते.

दुसरा थर शहाबादी. इथे जरा मोठा इतिहास येतो. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. पहिला अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज. त्याने धुळे हे मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखून घेतली. आजही जुन्या धुळ्यात पत्ता गल्ली नंबर अमुक असाच सांगतात. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली, आणि त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव. जळगाव त्या कापसावर आणि त्या रेल्वेवर वाढलं, इतकं की १९०६ मध्ये खान्देशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशाचं ठाणं जळगावला गेलं. पश्चिम खान्देश धुळ्याकडे राहिला.

धुळ्याला मात्र रेल्वे उशिरा आली. चाळीसगावहून फाटा आला तो १९०० मध्ये. फरशीचा याच्याशी संबंध काय? शहाबाद हे गाव आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला चुनखडीचा दगड पातळ थरांत सुटतो, म्हणून फरशीला उत्तम. पण तो जड. इतका जड माल बैलगाडीने सामान्य घराला परवडणार कसा? रेल्वेचा नकाशा उघडा: शहाबाद, सोलापूर, दौंड, मनमाड, चाळीसगाव, धुळे. सगळे रूळ जोडले गेल्यावर कुठे कर्नाटकातला दगड खान्देशातल्या स्वयंपाकघरात यायची सोय झाली. आपण 'पारंपरिक मराठी फरशी' म्हणतो ती खरं तर रेल्वेची फरशी आहे. पुढे ओट्याला जो काळा कडप्पा आला, तोही आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याच्या नावाचा.

आजीचं माहेर जुन्या जळगावात. तिथे बैठकीच्या खोलीत नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या आणि स्वयंपाकघरात साधी शहाबादी. या नक्षीच्या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून दाबतात आणि पाण्यात मुरवतात. आधी त्या परदेशातून यायच्या, मग १९२२ मध्ये सिधवांनी भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली, स्वदेशीच्या भरात. पैसा पाहुण्यांच्या पायाखाली घालायचा आणि जिथे बाई दिवसाचे आठ तास बसते तिथे खरखरीत दगड, ही वाटणी आजही बदललेली नाही. हॉलची टाइल निवडायला अख्खं घर शोरूममध्ये जातं.

बरं, मग जमिनीवरचा स्वयंपाक उभा कधी झाला? मला वाटतं यामागे विचारापेक्षा गॅस जास्त आहे. त्याआधी घासलेटचा पंपाचा स्टोव्ह होता. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये निघालेला प्रायमस आणि त्याची सगळी भावंडं. पण स्टोव्हही जमिनीवरच मांडता यायचा, त्यामुळे बसणं काही सुटलं नाही. स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला, बर्शेन नावाने. इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५ चं, कोलकात्यातलं. आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं नंबर लावून वाट बघणं चालू होतं. आणि गॅसबरोबर एक नियम आला. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडर खाली उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच, पक्क्या ओट्यावर हवी. झालं! एका सुरक्षेच्या सूचनेने घरोघरी ओटा आला. आमच्याकडे ओटा, गॅस आणि मोझॅक एकाच वर्षी आले, आणि ते साहजिक होतं. अन्न वर गेल्यावर जमीन फक्त चालायला उरली, आणि चालायच्या जमिनीवर चकचकीत काहीही चालतं.

ओटा किती उंच? आपल्याकडे मिस्तरी साधारण ३२ ते ३४ इंच धरतात. कुणासाठी, ते विचारू नका. इथे एक बाई आठवतात. मार्गारेट शुटे-लिहोत्स्की, ऑस्ट्रियाच्या वास्तुविशारद. १९२६ मध्ये त्यांनी जर्मनीत फ्रँकफर्ट किचन तयार केलं. कामाला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजला, रेल्वेच्या डायनिंग डब्यातल्या छोट्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला, आणि हाताच्या अंतरावर सगळं येईल अशी खोली आखली. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टच्या घरांत बसली. आज आपण लाखांची ट्रॉली लावून ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही पणजी. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे एक फिरतं स्टूल. बसून काम करता यावं म्हणून. आपण ट्रॉल्या घेतल्या, स्टूल विसरलो.

आता आमच्या घरातला वाद. काकांना चार बाय दोनची ग्लॉसी टाइल हवी. मोरबीची, कारण टाइल म्हटलं की मोरबीच, आणि सुरत रोडच्या धुळ्यात तिची काय कमी. शिवाय जुन्या फरशीवरच चिकटवायची म्हणजे तोडफोड वाचते. पण तसंच करत करत आमच्या दाराची चौकट आधीच इतकी बुटकी झालीय की बाबा वाकूनच आत येतात. दुसऱ्या बाजूला माझ्या पुण्यातल्या मैत्रिणी: एवढं जुनं घर, परत मातीची जमीन करा ना, शेणाने सारवा, किती थंड असतं! मी हे फोन स्पीकरवर ठेवून आजीला ऐकवलं. ती अहिराणीत एवढंच म्हणाली, "सारवता सारवता मन्ही कंबर गयी." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

जुन्या जळगावात बहिणाबाई चौधरींचं राहतं घर स्मारक म्हणून जपलंय, त्यांच्या घरातल्या वापरातल्या वस्तूंसकट. धुळे-जळगावात असाल तर नक्की जा. आसोद्याला १८८० मध्ये जन्मलेली ही बाई. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली आणि शेतातली कामं करता करता ओव्या रचल्या, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या कागदावर उतरल्या आणि १९५२ मध्ये, त्या गेल्यावर, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं. त्या खोल्यांत उभं राहून मला एकच सुचलं: इथलं सगळं बसलेल्या माणसाच्या उंचीचं आहे. खिडकी, कोनाडे, सगळं. आपण उभे राहून बघतो म्हणून ते आपल्याला बुटकं वाटतं.

आजीची उंची चार फूट दहा. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, आणि ३४ इंची ओट्यावर पोळी लाटताना तिचे खांदे कानाला लागतात. ओल्या ग्लॉसी टाइलवर ती पडली तर पुढचं कुणालाच बोलायची हिंमत नव्हती. वाद तिथेच मिटला.

मग ठरलं ते असं. मोझॅक गेला. शहाबादी मिस्तरींनी पहारीने हळूहळू सुटी केली. अर्ध्याहून जास्त अख्खी निघाली, ती मागच्या खोलीत आणि ओसरीत पुन्हा बसवली, या वेळी उतार नीट देऊन. ज्यांच्या घरी शहाबादी किंवा कडप्पा आहे त्यांनी लक्षात ठेवा: हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने धुतला की फेसाळतो आणि पांढरा पडतो. लिंबू-चिंचेचे डागही त्यामुळेच. स्वयंपाकघरात मॅट टाइल घेतली, पाय न घसरणारी. आणि ओटा दोन उंचीचा: शेगडीचा भाग ३३ इंच, खिडकीकडचा तीन फुटांचा तुकडा २८ इंच, खाली मोकळा, म्हणजे स्टूल घेऊन गुडघे आत जातात. मिस्तरींनी आधी मान हलवली, "असा ओटा कुणी करत नाही, ताई." मग आजीला खुर्चीत बसवून, हातात लाटणं देऊन आम्ही टेपने माप घेतलं, तेव्हा तेच म्हणाले की घरी त्यांच्या आईलाही असा करून द्यायला हवा.

उखळ बाहेर काढायला चार माणसं लागली. ते अंगणात तुळशीजवळ आहे.

कामाच्या मधेच आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे पुरणाचे मांडे, आणि मांडे खापरावरच. खापर म्हणजे पालथं मातीचं भांडं, त्याला खालून चांगला जाळ लागतो. गॅसच्या शेगडीवर ते जमत नाही, इंडक्शनचं तर नावच नको. स्वयंपाकघरात तेव्हा कमरेएवढं डबर. काका म्हणाले, या वर्षी विकत आणू. आजीने ऐकलं नाही. अंगणात निघालेल्या विटांची चूल मांडली, काढलेल्या शहाबादीची थप्पी बसायला घेतली, उंची तिला बरोबर बसली, आणि हातावर मांडा मोठा करत करत तिने दुपारपर्यंत सगळ्यांचे केले. मिस्तरींनी आणि त्यांच्या पोरांनी आमरसाबरोबर खाल्ले.

त्या चुलीची जागा आता पक्की करतोय. आजीने स्वतः खडूने आखून दिलीय, भिंतीपासून दोन हात सोडून, धूर बाहेर जाईल अशी. बसायच्या कट्ट्याला तीच शहाबादी लावणार आहोत, सतरा इंचांवर. थप्पीचं माप मी त्याच दिवशी घेऊन ठेवलं होतं.