जुनं वॉशिंग मशीन दुरुस्त करायचं की नवं घ्यायचं? पैसे देण्याआधी हे तपासा

पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. नेमका अशा वेळी मशीनचा ड्रायर बंद पडला की घरच्यांची पंचाईत होते. मिस्त्री म्हणतो यात आता दम नाही, दुकानदार म्हणतो एक्स्चेंज करून टाका. पण खरिपाच्या तोंडावर बी-बियाणं, खत आणि मुलांच्या शाळेचा खर्च एकत्र आलेला असतो. त्यात नव्या मशीनचे पैसे काढणं सोपं नाही.

मशीन किती वर्षांचं झालं, एवढ्यावरच निर्णय घेऊ नये. त्यातला नेमका कोणता भाग गेला, हे आधी बघावं. काही बिघाड थोडक्यात निघतात. काही मात्र असे असतात, की त्यावर पैसे घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एका डब्यात दोन मशीन

गावाकडे बहुतेक घरांत सेमी ऑटोमॅटिक मशीन असतं. त्यात धुण्याचा टब आणि ड्रायर यांची मोटार आणि टायमर वेगवेगळे असतात. त्यामुळे ड्रायर बंद पडला तरी धुण्याची बाजू ठणठणीत असू शकते. हा ड्रायर कपडे तापवून सुकवत नाही, जोरात फिरवून पाणी काढतो. म्हणून त्यातले बिघाड बहुतेक वेळा फिरणाऱ्या भागांचे असतात.

हे बिघाड दुरुस्तच करावेत

- मोटार गुणगुणते पण फिरत नाही: बऱ्याचदा कॅपॅसिटर गेलेला असतो. पंख्यात असतो तशाच प्रकारचा हा भाग आहे. त्यावर छापलेल्या क्षमतेचाच नवा बसवावा. कधी कधी ड्रायरच्या तळाशी रुमाल किंवा मोजा अडकूनही तो फिरत नाही.
- ड्रायर बंद, आवाजही नाही: झाकणाखालचा स्विच, टायमर किंवा उंदराने कुरतडलेली वायर, हे आधी तपासावं.
- मोटार चालते, पण टबातली चकती फिरत नाही: पट्टा सुटलेला किंवा तुटलेला असू शकतो.
- चकती एकाच बाजूने फिरते: टायमरमध्ये दोष असण्याची शक्यता जास्त.
- टबात पाणी टिकत नाही: पाणी सोडायच्या झडपेत नाणं, बटण किंवा दोरा अडकलेला असतो.
- झाकण उघडल्यावरही ड्रायर फिरत राहतो: ब्रेक झिजलाय. दुरुस्ती छोटी आहे, पण ती लांबवू नये. फिरत्या ड्रायरमध्ये हात घालणं जिवावर बेतू शकतं.
- ड्रायरखालून पाणी गळतं: रबरी सील फाटलं असेल तर लगेच बदलावं. ते पाणी खालच्या मोटारीवर पडतं आणि आज सीलवर भागणारं काम उद्या मोटारीवर जातं.

मशीन उघडण्याआधी प्लग काढावाच. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये करंट साठून राहू शकतो, त्यामुळे त्याच्या टोकांना घरच्यांनी हात लावू नये.

इथे विचार करून पैसे घाला

जळका वास आला आणि मोटार बंद पडली, तर रिवाइंडिंग किंवा नवी मोटार असे दोन पर्याय असतात. घासल्यासारखा खरखर आवाज येत असेल तर गिअरबॉक्स गेलेला असू शकतो. हे दोन्ही भाग बदलता येतात, पण खर्च मोठा असतो.

त्याआधी जुनं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधावं. बऱ्याच कंपन्या पूर्ण मशीनला कमी वर्षांची आणि मोटारीला त्याहून जास्त वर्षांची वॉरंटी देतात. मशीनची मुदत संपली तरी मोटारीची शिल्लक असू शकते. मात्र मजुरी आणि येण्याचा चार्ज त्यात धरलेला असतोच असं नाही, ते आधी विचारावं.

फुल ऑटोमॅटिकमध्ये पाणी हळू भरत असेल तर नळाच्या जोडाजवळची जाळी काढून धुवावी. बोअरच्या पाण्यातला गाळ आणि क्षार तिथे अडकतात. सर्किट बोर्ड गेला असेल तर कार्ड दुरुस्त होतं का, की नवंच टाकावं लागतं, दोन्हींचा भाव घ्यावा.

इथे जुन्याचा मोह सोडा

- टबाला तडा गेलाय. चिकटवलेला जोड कपड्यांच्या वजनाने आणि हादऱ्याने फार टिकत नाही.
- पत्र्याची बॉडी किंवा मोटारीचा आधार गंजून कुजलाय.
- दुरुस्ती करून, अर्थिंग तपासूनही मशीनला हात लावला की झटका बसतो.
- त्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत, जुगाड करूनच चालवावं लागतं.
- एकाच वर्षात तिसऱ्यांदा वेगळा बिघाड निघालाय.

हिशोब असा मांडा

समजा तसंच नवं मशीन १२ हजारांना मिळतं. जुनं मशीन पाच वर्षांच्या आतलं असेल तर निम्म्यापर्यंत, म्हणजे ६ हजारांपर्यंतचा खर्च परवडू शकतो. आठ-दहा वर्षांचं असेल तर पाव किमतीच्या, म्हणजे ३ हजारांच्या पुढे जाऊ नये. त्यात गेल्या वर्षभरातला खर्चही धरावा. आधी १,२०० गेले आणि आता २,२०० सांगतायत, तर एकूण ३,४०० झाले. तिथे थांबलेलं बरं. हा ढोबळ हिशोब आहे, पण दारात मिस्त्री उभा असताना कामाला येतो.

आधी घरची वीज बघा

मोटार किंवा कॅपॅसिटर पुन्हा पुन्हा जळत असेल तर दोष मशीनचाच असेल असं नाही. घरगुती वीज साधारण २३० व्होल्टची असते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे लागले की कुठे कुठे व्होल्टेज बरंच खाली येतं आणि मोटार तापते. वायरमनकडून मीटर लावून ते मोजून घ्यावं आणि कमी व्होल्टेजच्या वेळी मशीन लावू नये. सतत कमी असेल तर महावितरणकडे १९१२ वर तक्रार नोंदवावी.

अर्थिंगही तपासून घ्यावं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावं. तीन पिनच्या प्लगची जाड पिन काढून मशीन लावणं धोक्याचं आहे. मशीनच्या खालून उंदीर शिरू नये म्हणून जाळी बसवावी. एवढं केलं नाही तर नवं मशीनही त्याच वाटेने जाईल.

फोन करताना, पैसे देताना

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा नंबर बिलावरून किंवा वॉरंटी कार्डवरून घ्यावा. मोबाइलवर शोधून मिळालेला नंबर खोटा असू शकतो. समोरचा ओटीपी मागत असेल किंवा एखादं ॲप टाकायला सांगत असेल तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावं.

मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा काम सुरू होण्याआधी घ्यावा. बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्या भागाची गॅरंटी बिलावर लिहून घ्यावी. नवं मशीन घेताना आधी एक्स्चेंजशिवायचा भाव विचारावा, मग जुन्याचे किती देतात ते विचारावं. दोन्ही भाव एकदम काढले की जुन्याचे खरे किती मिळाले ते कळत नाही. पक्कं बिल घ्यावं आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, कारण कागदावरची शाई उडते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करायला फी लागत नाही.

जुन्या मशीनचं काय?

वॉशिंग मशीन ई-कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी कंपन्यांवर आहे. तांब्यासाठी वायरी जाळू नयेत, तो धूर विषारी असतो. मशीन भंगारात देण्याआधी मिस्त्रीला दाखवावं. चालू मोटार, टायमर किंवा गिअरबॉक्स त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनला बसतो आणि त्याचे भंगारापेक्षा जास्त पैसे मिळू शकतात.