लूणीकाठचे बालोतरा

नदीचे आणि रंगाऱ्याचे नाते आपल्या ज्ञातीस नव्याने सांगावयास नको. आपल्या पूर्वजांनी गाव निवडताना प्रथम पाणी पाहिले. राजस्थानच्या मरुभूमीतील बालोतरा हे लहानसे नगर आपल्या प्रांतापासून दूर खरे. तथापि त्याचा इतिहास आपल्याच व्यवसायाचा इतिहास असल्याने तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

लूणी नदी अजमेरजवळ अरवली पर्वतात उगम पावून नैर्ऋत्येस सुमारे 495 किलोमीटर वाहते आणि समुद्रास न मिळता कच्छच्या रणात लुप्त होते. वर्षातील बहुतेक महिने तिचे पात्र कोरडे असते. लवणावरून तिला हे नाव पडले. परंतु बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी गोडे असते व पुढे जमिनीतील क्षारांमुळे ते खारट होत जाते, असे परंपरेने सांगतात. गोड्या-खाऱ्याच्या या सीमेवरच हे गाव वसले आहे.

आसमंतही प्राचीन आहे. जवळचे खेड हे मारवाडातील राठोडांचे आरंभीचे ठाणे होय. तिलवाड्यास नदीच्या कोरड्या पात्रातच रावळ मल्लिनाथांच्या नावाने चैत्रात गुरांची मोठी जत्रा भरते. त्यांच्याच नावावरून या प्रदेशास मालाणी म्हणतात.

बालोतऱ्याचे छिपे कापडास हिरड्याचा लाग देत, तुरटीचे व लोखंडाच्या काटाचे ठसे उठवीत, मंजिष्ठेने लाल व निळीने निळा रंग चढवीत. मग धुलाईसाठी वाहते पाणी हवे. ते लूणी देई. पंचक्रोशीतील स्त्रियांच्या घागऱ्यांवरील छापावरून त्यांची जात व त्यांचा संसार ओळखता येई. उत्तरेस काही मैलांवर पचपदरा येथे खारवाल लोक खड्ड्यांतील खाऱ्या पाण्यात मोरलीच्या काटेरी फांद्या टाकून त्यांवर मिठाचे खडे धरवीत. कापड आणि मीठ, ही या प्रदेशाची दोन धने.

मिठामुळेच येथे आगगाडी आली. 1879 च्या कराराने ब्रिटिश सरकारने जोधपूर संस्थानाकडून पचपदऱ्याची मिठागरे भाडेपट्ट्याने घेतली. 1887 साली लोहमार्ग तेथवर पोहोचला. इकडे युरोपात मंजिष्ठेतील रंगद्रव्य 1868 साली प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते, आणि 1897 साली कृत्रिम नीळही बाजारात आली. रंग स्वस्त झाला, काम झटपट होऊ लागले. कालांतराने ठशांची जागा यंत्रांनी घेतली आणि बालोतरा, जसोल व बिठूजा येथे रंगाई-छपाईचे शेकडो कारखाने उभे राहिले. बालोतऱ्याचे पॉपलीन देशभर गेले. हजारो कुटुंबांस अन्न मिळाले, हे नाकारून चालणार नाही.

पण नदीस काय मिळाले? बारमाही नदीत सांडपाणी निदान पातळ होऊन वाहून जाते. कोरड्या पात्रात ते वाळूत मुरते व विहिरींत उतरते. पूर आला की तेच पाणी खालच्या गावांच्या शेतांत पसरते. शेतकऱ्यांच्या तक्रारी न्यायालयापर्यंत व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेल्या. सामाईक शुद्धीकरण केंद्रे उभारली गेली, तरी तंटा मिटला नाही. 2023 साली बालोतरा जिल्ह्याचे ठिकाण झाले. मान वाढला, तशी जबाबदारीही वाढली आहे.

जुने रंग सर्वस्वी निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु जो रंगारी ज्या घाटावर कापड धुई, त्याच घाटावर त्याच्या घरचे घडे भरले जात. त्यामुळे पाणी किती बिघडले हे त्यास स्वतःच्या जिभेवर कळे. कारखाना आणि घागर यांत अंतर पडले, तेव्हा ही जाण गेली. दोष परक्याच्या पदरी टाकणे सोपे आहे. येथे तो आपल्याच व्यवसायाच्या पदरी येतो.

आपल्या ज्ञातीतील जे तरुण आज रंगकामाच्या धंद्यात आहेत वा त्याचे शास्त्र शिकत आहेत, त्यांनी हे उदाहरण मनाशी बाळगावे. ज्या पाण्याने आपणांस पिढ्यान्‌पिढ्या पोसले, ते पुढील गावास स्वच्छ पोहोचविणे हा आपला कुलधर्मच आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.