चाल, पेटी आणि पद : गोविंदराव टेंबे यांचे रचनाकार्य

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मग्राम होय (१६०८). समर्थांच्या पदांचे छापील संग्रह पाहिले असता पुष्कळशा पदांच्या माथ्यावर रागाचे नाव आढळते. पद रचणारा आणि त्याची गानपद्धती ठरविणारा हे दोन निराळे पुरुष असू शकतात, ही कल्पनाच त्या परंपरेस अपरिचित होती. कीर्तनकाराच्या मुखात शब्द आणि स्वर एकत्रच उपजत असत. मराठी संगीत रंगभूमीने आरंभी हाच वारसा उचलला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली रंगमंचावर आले. त्यातील साकी, दिंडी, कामदा ही वृत्ते कीर्तनातूनच आली होती, आणि पदांच्या चालीही नाटककारानेच योजल्या होत्या. नाटकाच्या पुस्तकात पदाच्या माथ्यावर रागनामाप्रमाणेच 'चाल' हा शब्द येऊ लागला व त्यापुढे एखाद्या परिचित गीताचा आरंभ छापला जाऊ लागला. फरक लहान दिसतो. परंतु रागनाम गायकास एक प्रदेश दाखविते, तर चाल त्यास ठराविक वाट आखून देते.

ही वाट आखण्याचे काम नाटककाराकडून निघून स्वतंत्र रचनाकाराकडे गेले ते १९११ साली. किर्लोस्कर नाटक मंडळीने त्या वर्षी १२ मार्च रोजी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले आणि त्यातील पदांच्या चाली गोविंद सदाशिव टेंबे यांनी दिल्या. मराठी नाटकाच्या स्वतंत्र संगीतरचनाकाराची परंपरा येथून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते. टेंबे तेव्हा अवघे तीस वर्षांचेही नव्हते. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात १८८१ साली त्यांचा जन्म झाला. पेटीवादन त्यांनी बहुतांशी स्वतःच्याच बळावर साधले. कोल्हापूरचा देवल क्लब, भास्करबुवा बखले यांचा सहवास आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या गायकीचे दीर्घ श्रवण, एवढी त्यांची शिदोरी होती. साथीदाराचे वाद्य म्हणून हिणविली जाणारी पेटी स्वतंत्र वादनाच्या बैठकीत आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

'मानापमाना'त त्यांनी ठुमरी, दादरा, कजरी या उत्तरेकडील ललित गानप्रकारांचा वळसा मराठी पदास दिला. चाल आधी आणि शब्द मागाहून, असा तेथील क्रम होता. भाषेच्या अभ्यासकास खरी अडचण येथेच दिसते. साकी किंवा दिंडीत मात्रांचा हिशेब शब्दांकडूनच येतो. आयत्या चालीत तो स्वरांकडून येतो, आणि मराठी शब्दाला आपले ऱ्हस्व-दीर्घ सोडून त्यांच्या मागे जावे लागते. बोलण्यात लुप्त झालेला अन्त्य 'अ' गाण्यात पुन्हा उच्चारला जातो आणि पुष्कळदा त्याच्यावरच तान उभी राहते. विभक्तिप्रत्ययाचे शेवटचे अक्षर लांबते, अर्थवाहक धातू मात्र क्षणात उरकतो. खाडिलकरांची पदे वाचताना ओबडधोबड वाटतात, हा आक्षेप जुना आहे. तो निराधार नाही. परंतु त्याचा सगळा भार कवीच्या शिरावर टाकणे अन्यायाचे होईल. ती पदे डोळ्यांसाठी रचलेलीच नाहीत. चालीने जेथे दीर्घ स्वर मागितला तेथे तो पुरविणे, हेच त्यांचे पहिले काम होते.

या चाली किती टिकाऊ होत्या याचे प्रमाण दहा वर्षांनी मिळाले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर झाले. एकाचे गाणे लडिवाळ, दुसऱ्याचे आक्रमक. तरीही दोघांना एकाच रचनेत पुरेसा अवकाश मिळाला.

१९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणे, पुढे तिच्यातून बाहेर पडून शिवराज मंडळी काढणे, 'पटवर्धन' हे नाटक लिहिणे, हा सारा भाग येथे केवळ नोंदण्यापुरता. १९३२ साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीत त्यांनी दिले आणि हरिश्चंद्राची भूमिकाही केली. 'माझा संगीत व्यासंग' हा त्यांचा ग्रंथ मराठी संगीतविषयक गद्यात अजूनही अनन्य आहे. त्यातील वर्णन स्वर ऐकू यावा इतके नेमके आहे.

मग पेटीवर बहिष्कार आला. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेल्या या वाद्याचे बारा स्वर समान अंतराने बसविलेले असतात. शुद्ध गांधाराचे षड्जाशी असलेले ५:४ हे स्वाभाविक प्रमाण तिच्यावर मिळत नाही. पेटीचा गांधार त्याहून किंचित चढा लागतो, आणि मींड तर निघतच नाही. आकाशवाणीत पाश्चात्य संगीत विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले, रवींद्रनाथांनाही ती अप्रिय होती, आणि मार्च १९४० पासून आकाशवाणीने तिला प्रवेश नाकारला. श्रुतींच्या दृष्टीने आक्षेप खोटा नव्हता. परंतु त्यातून पेटी भारतीय संगीताला परकीच राहिली असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून नाही. ज्या वाद्याला मींड नाही त्या वाद्यावर ज्याचा हात बसला होता, त्यानेच ठुमरीची लवचिक वळणे मराठी पदात आणली. पेटीने स्वरांचा सांगाडा दाखवावा आणि गळ्याने तो भरून काढावा, अशी ही वाटणी होती. बालगंधर्वांसारखा गळा समोर असता रचनाकारास त्याहून अधिक काही मागण्याचे कारण नव्हते.

टेंबे ९ ऑक्टोबर १९५५ रोजी निवर्तले, तेव्हा बंदी कायम होती. १९७० नंतरच्या दशकात ती सैल झाली ती साथीपुरती. पेटीच्या स्वतंत्र वादनास आकाशवाणीवर त्यानंतरही दीर्घकाळ स्थान मिळाले नाही.