द व्हेरी बिझी स्पायडर

अमेरिकी लेखक-चित्रकार एरिक कार्ल (१९२९-२०२१) यांचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले बालचित्रपुस्तक. शेतावरील कुंपणाच्या खांबावर एक कोळी जाळे विणू लागतो. घोडा, गाय, मेंढी, डुक्कर असे एकेक प्राणी येऊन आपापल्या आवाजात हाक देतात. कोणी रपेटीला बोलावतो, कोणी चिखलात लोळायला. कोळी मात्र उत्तर देत नाही. पानागणिक जाळे तेवढे वाढत जाते. हे धागे उठावदार छापलेले असल्याने दृष्टिहीन मुलालाही ते बोटांनी चाचपता येतात, आणि पुस्तकाचे खरे मोल यातच आहे. मोठ्याने वाचताना इंग्रजी कोंबड्याची बांग मराठी कानांना परकी वाटते. तेथे खुशाल ‘कुकूचकू’ म्हणावे. कथेचे काही बिघडत नाही. अखेरीस जाळ्यात माशी सापडते.