मशिदीतलं पोस्ट आणि घुमटाखालचं पोस्ट

परवा बेदाणा घेऊन विजापूरला गेलतो. सौद्याला वेळ होता, तेवढ्यात गोलघुमट बघून आलो. आज शेतीचं नाही, पोस्टाचं लिहितो.

इंग्रजांच्या काळात विजापूर म्हणजे पडझड झालेलं लहान गाव. 1885 साली जिल्ह्याचं ठाणं कलादगीहून तिथं आलं. आदिलशाही इमारती उभ्याच होत्या, त्यातच सरकारनं सोय बघितली. बुखारी मशिदीत पोस्ट ऑफिस होतं. चांदबीबीनं ही मशीद बांधली असं सांगतात. दुसऱ्या एका मशिदीत डाक बंगला, म्हणजे साहेबाच्या मुक्कामाची जागा.

पुढं लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय झाला. त्यानं पोस्ट आणि डाक बंगला दोन्ही मशिदींतनं बाहेर काढले. 1904 साली जुन्या वास्तू जपायचा कायदाही त्याच्याच काळात झाला.

आता गंमत बघा. त्याच 1904 साली मुंबईत मोठ्या पोस्टाचं, म्हणजे जीपीओचं, बांधकाम सुरू झालं. ते 1913 ला पुरं झालं. जॉन बेग हा त्याचा वास्तुकार. त्यानं नमुना धरला तो विजापूरच्या गोलघुमटाचा! काळा बेसाल्ट, त्याला कुर्ल्याचा पिवळा आणि ध्रांगध्राचा पांढरा दगड, आणि मधल्या हॉलवर 65 फुटी घुमट. विजापुरात मशिदीतनं पोस्ट निघालं आणि मुंबईत विजापूरच्याच घुमटाखाली जाऊन बसलं.

मूळ गोलघुमट 1656 चा, बाहेरून 144 फूट व्यासाचा. खाली चौकोनी दालन, वर गोल घुमट, मधे एक खांब नाही. एकमेकींना छेदणाऱ्या कमानींनी चौकोनाचा गोल केलाय आणि भार भिंतींवर उतरवलाय. शेडचे पत्रे वाऱ्यानं उडालेला माणूस हे बघून गप्पच होतो.

हे लिहायचं कारण असं. आमच्या गावची दगडी चावडी पाडून स्लॅबची इमारत करायचं चाललंय. माझ्या लहानपणी पोस्ट त्याच चावडीत होतं. वडलांची मनीऑर्डर तिथंच यायची. छप्पर गळतंय हे खरं, पण भिंती ओळंब्यात आहेत. छप्पर बदला, भिंती ठेवा, एवढंच ग्रामसभेत मांडणार आहे. एकदा पाडलेला घडीव दगड पुन्हा कोण रचणार? आता तसे पाथरवट राहिलेत कुठं?

तुमच्या गावचं जुनं पोस्ट कुठं होतं? फोटो असला तर टाका.